निम्मा पगार, पूर्ण मैदान

नमस्कार ताई,

मी एका संस्थेत क्रीडा मार्गदर्शक आहे. संध्याकाळी वस्तीतल्या मुलामुलींचं फुटबॉल, सुट्टीतली शिबिरं, सकाळी ज्येष्ठांचा व्यायामवर्ग, असं माझं काम. सात वर्षं झाली, करार दर वर्षी नवा होतो. संस्थेचा बहुतेक खर्च सरकारी अनुदानावर चालतो आणि यंदा त्याला जबरदस्त कात्री लागली. आम्ही चौघं होतो, दोघं उरलो.

गेल्या आठवड्यात आमच्या सरांनी सांगितलं, की पुढच्या तिमाहीपासून मला निम्म्या वेळेचा पगार मिळेल. वेळापत्रक मात्र तेच राहणार. "उरलेले तास स्वयंसेवक म्हणून दे, मुलं तुझीच तर आहेत," असं म्हणाले. माणूस वाईट नाही. त्यांनी स्वतःचाही पगार कमी करून घेतलाय.

पण मी आधीच बरंच फुकट करते. पंपाच्या सुया, बॉलची शिवण, कधी कुणाचे बूट, ही पदरमोड चालूच असते. तेरा ते सोळा वयाच्या मुलींचा एक गट आहे. त्यातली एक मुलगी खेळ संपला तरी घरी जायचं नाव काढत नाही. कोन गोळा करते, मोजते, पुन्हा मोजते. मी सामानाच्या खोलीला कुलूप लावेपर्यंत थांबते. तिच्या घरी काय चाललंय ते मला थोडंफार ठाऊक आहे. मी सोडलं तर हा गट बंद पडेल, दुसरं कुणी घेणारं नाही.

त्यात आणखी, अहवालात "परिसरातली गुन्हेगारी कमी झाली" असं लिहायला सांगतात. हजेरी "जरा बरी दाखव" म्हणतात. वर्षअखेर आमच्या दोघांपैकी एकाचीच जागा राहणार अशी कुजबुज आहे, त्यामुळे सहकाऱ्याशी धड बोलणंही होत नाही. घरचे म्हणतात, सोड. मला सोडवत नाही. निम्म्या पगारात पूर्ण काम नको वाटणं हा स्वार्थ आहे का?

— एक क्रीडा मार्गदर्शक


स्वार्थ कसला? निम्म्या पगारात निम्मंच काम करा, आणि उरलेल्या तासांसाठी स्वतःच्याच जागेवर स्वयंसेवक व्हायला नकार द्या. माझं उत्तर एवढंच आहे. पण सात वर्षं ज्यांना हो म्हटलं त्यांना नाही म्हणताना जीभ अडखळते, म्हणून बाकीचं लिहिते.

आधी हे बघा, की कात्री फिरत फिरत नेमकी तुमच्यापर्यंत का येते. सरकारी तिजोरीत खडखडाट झाला की पहिली कपात तिथे होते जिथे कायदा आडवा येत नाही. इंग्लंडमध्ये हे अगदी उघड दिसतं. तिथल्या स्थानिक परिषदांवर सार्वजनिक ग्रंथालयं चालवण्याचं बंधन १९६४ च्या कायद्याने आहे, खेळाच्या सोयींबाबत तसं कुठलंही बंधन नाही. (बंधन असूनही ग्रंथालयं पुष्कळ बंद पडली, तो भाग वेगळा.) मग उरलंसुरलं अनुदान संस्थेकडे येतं. तिथे जागेचं भाडं, वीज, विमा हे आकडे जागचे हलत नाहीत. हलवता येतो तो माणसांवरचा खर्च, त्यातही ज्यांचा करार दर वर्षी संपतो त्यांच्यावरचा. वरच्या कागदावर टक्क्यांत दिसणारी कपात खाली येईपर्यंत कुणा एकीच्या संध्याकाळचे तास होऊन बसते.

आणि ती एकटी ते तास मुकाट्याने भरून काढते. मग वर बसलेल्यांना काय दिसतं? अनुदान कमी केलं तरी मैदान चालू, हजेरी तेवढीच, तक्रार एकही नाही. अंदाजपत्रक करणारा माणूस दुष्ट असायची गरजच नाही. समोरच्या कागदावरून तो सरळ निष्कर्ष काढतो, की आधीचे पैसे जास्तच होते, पुढच्या वर्षी आणखी थोडे काढले तरी चालेल. तुमचे फुकटचे तास त्याच्या कुठल्याच रकान्यात येत नाहीत. म्हणून माझा आग्रह आहे, की कपात झाली आहे तर ती दिसू द्या. आठवड्याला सहा सत्रं होती, आता तीन होतील, असा कागद फलकावर लागू द्या, तारखेसकट. पालक चिडतील. त्यांना अनुदान देणाऱ्या कार्यालयाचा पत्ता द्या. दर वेळी तुम्हीच ढाल व्हायचं काही कारण नाही.

याने फरक पडतो का? कधीकधी, थोडा. ऑक्टोबर २०१० मध्ये इंग्लंडचे शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी शालेय खेळांसाठी राखून ठेवलेला वर्षाचा १६ कोटी २० लाख पौंडांचा निधी बंद करायचं जाहीर केलं. शाळांना एकमेकींशी जोडणाऱ्या ४५० भागीदाऱ्या त्या पैशांवर चालत होत्या. शिक्षक बोलले, मुलं बोलली, नावाजलेले खेळाडू बोलले, आणि डिसेंबरात सरकारला थोडं मागे यावं लागलं. भागीदाऱ्यांना पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ४ कोटी ७० लाख पौंड मिळाले. शिवाय खेळाच्या शिक्षकांना आठवड्यातला एक दिवस या कामासाठी मोकळं करायला २०१३ पर्यंत ६ कोटी ५० लाख ठेवले गेले. ते पुरेसं नव्हतंच. मुदत संपल्यावर काही भागांत शाळांनी आपल्या पैशांतून भागीदारी टिकवली, बाकी ठिकाणी ती विरून गेली. लंडन ऑलिम्पिक दोन वर्षांवर आलेलं असताना ही गत! तरी जे काही परत मिळालं ते निधी थांबण्याआधीच गलका झाला म्हणून मिळालं. पैसे जाऊन वर्ष उलटल्यावर, काम कसंबसं चालू असताना, कुणी परत देत नाही.

तुमच्या सरांकडून आणखी एक पर्याय येईल, त्याची मनाची तयारी ठेवा: मुलांकडून थोडी फी घेऊ. ऐकायला वाजवी वाटतं. पण फी लागली की आधी कोण गळतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. मूल येऊन कधी सांगत नाही की घरी पैसे नाहीत. पाय दुखतो म्हणतं, परीक्षा आहे म्हणतं, मग कुंपणाबाहेर उभं राहून बघतं आणि काही दिवसांनी तेही बंद करतं. हजेरी उतरते. अहवालात "अपेक्षित प्रतिसाद नाही" असं वाक्य पडतं आणि त्या वाक्याच्या जोरावर पुढची कपात होते. फी टाळता येतच नसेल तर ज्याला जमेल त्याने, जमेल तेवढे, बंद पेटीत टाकायचे, असं करा. वर्गणीची यादी मैदानावर वाचली जाऊ देऊ नका.

आता स्वयंसेवेबद्दल. मी तिच्या विरोधात मुळीच नाही, जगभरचा तळागाळातला खेळ तिच्या खांद्यावर उभा आहे. युनेस्कोने १९७८ मध्ये शारीरिक शिक्षण आणि खेळ यांबाबत जी सनद मंजूर केली तिच्यात हा सर्वांचा मूलभूत हक्क मानला आहे. त्याच सनदेत म्हटलंय की शिकवणं आणि मार्गदर्शन पात्र माणसांनी करावं. स्वयंसेवकांचं योगदान मोलाचं आहे, पण त्यांना योग्य प्रशिक्षण आणि देखरेख हवी, हेही तिथेच आहे. देखरेख ठेवायची तर कुणीतरी पगारी, जबाबदार माणूस जागेवर लागतो. तोच माणूस अर्धी संध्याकाळ पगारी आणि अर्धी संध्याकाळ स्वयंसेवक झाला, तर जबाबदार कोण? समजा साडेसहाला तुमचा पगारी वेळ संपला आणि पावणेसातला एका मुलीचा गुडघा फिरला. तेव्हा तुम्ही कामावर होता की नव्हता? विमा लागू होतो का? हा प्रश्न सरांना तोंडी विचारू नका, लेखी विचारा. उत्तर लेखी द्यायची वेळ आली की बऱ्याच गोड सूचना आपोआप मागे घेतल्या जातात. अमेरिकेत तर सरकारी संस्थेच्या कर्मचाऱ्याने त्याच संस्थेसाठी तेच काम स्वयंसेवा म्हणून करणं कामगार कायद्यात बसत नाही. तुमच्या करारावर कुठला कायदा लागू होतो ते कामगार संघटनेतल्या माणसाला किंवा वकिलाला एकदा विचारून घ्या.

या क्षेत्रात माणसाला स्वस्त धरायची सवय जुनी आहे. भारतात २००८ मध्ये सुरू झालेल्या पायका या ग्रामीण खेळांच्या सरकारी योजनेत गावोगाव क्रीडाश्री, म्हणजे खेळाचं काम बघणारा माणूस, नेमायची सोय होती. गावपातळीवरचं मानधन महिन्याला ५०० रुपये. पुढे २०१४ मध्ये तिच्या जागी राजीव गांधी खेल अभियान आलं, मग खेलो इंडिया. योजना बदलली की मैदान जागेवर राहतं, माणसाची नेमणूक मात्र योजनेबरोबर जाते. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा कुणीतरी मिळेलच, हे आधीपासून गृहीत धरलेलं असतं. ते गृहीतक तुमच्या सरांनी शोधून काढलेलं नाही, त्यांच्याही माथी ते वरूनच आलंय. म्हणून त्यांच्यावर राग धरू नका. पण दया येऊन सहीही करू नका.

तुमच्या पत्रातला खरा गुंता त्या मुलीचा आहे. तुम्हाला सोडवत नाही ते तिच्यामुळे, पगारामुळे नव्हे.

तास निम्मे होणार असतील तर कुठली सत्रं ठेवायची हे तुम्ही ठरवा, आणि मुलींचा गट ठेवा. हे मी भावनेच्या भरात सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या आकड्यांनुसार ११ ते १७ वयोगटातले सुमारे ७८ टक्के मुलगे पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते, तर मुलींमध्ये हेच प्रमाण ८५ टक्के होतं. मुलांना एक बॉल आणि एक भिंत मिळाली तरी ती बहुधा खेळतात. त्या वयाच्या मुलींना मात्र ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि घरच्यांना भरवसा वाटेल असं माणूस, तिन्ही लागतात. एक जरी गेलं तरी घरून परवानगी जाते. ज्येष्ठांच्या वर्गाची मला तेवढी काळजी वाटत नाही. इतक्या वर्षांत त्यांच्यातल्या दोघातिघांना सगळे व्यायाम पाठ झाले असतील. त्यांना नीट शिकवून, काय करायचं नाही ते कागदावर लिहून देऊन, तो वर्ग त्यांच्या हाती सोपवता येईल. महिन्यातून एकदा पगारी वेळेत तुम्ही जाऊन बघा. स्वयंसेवा अशी असेल तर मी टाळ्या वाजवीन.

राहिली ती मुलगी. खेळानंतरची ती पंधरावीस मिनिटं तुम्ही आजवर आपल्या वेळेतून दिलीत. ती आता पगारी वेळेत घ्या. सत्र साठ मिनिटांचं असेल तर खेळ पंचेचाळीस मिनिटं, पुढची पंधरा आवराआवरीची: कोन, जाळ्या, बॉल मोजून पिशवीत. सगळ्या गटाला थोडंथोडं काम वाटून द्या. ती एकटी मागे राहणार नाही आणि तिचं थांबणं कुणाच्या डोळ्यावरही येणार नाही. खेळ पंधरा मिनिटं कमी झाला म्हणून कुणाचं बिघडत नाही. अहवालात मात्र ही पंधरा मिनिटं सत्राचा भाग म्हणूनच लिहा, कारण ती आहेतच.

तिच्या घरी काय चाललंय ते तुम्हाला "थोडंफार" ठाऊक आहे, असं तुम्ही लिहिलंत. तिला मारहाण होत असेल किंवा तिच्या सुरक्षिततेला धोका असेल, तर ते एकटीने पोटात ठेवू नका. संस्थेत बालसुरक्षेची जबाबदारी ज्याच्याकडे असेल त्याला आजच सांगा, तारीख टाकून लिहून ठेवा, आणि तिथे दाद लागली नाही तर बालसंरक्षण यंत्रणेकडे जा. याला कामाचे तास, करार, कपात काहीही लागू होत नाही. आणि तिला "मी आहे ना" असं कायमचं वचन देऊ नका. ज्या मुलांची घरं डळमळीत असतात त्यांना मोडलेलं वचन फार लागतं. बदल होणार असेल तर गटाला निदान महिनाभर आधी सांगा, कुठले दिवस राहणार आणि कुठले नाही ते स्पष्ट सांगा. दुसऱ्या एखाद्या भरवशाच्या मोठ्या माणसाशी, शाळेतल्या बाईंशी म्हणा, वाचनालयातल्या कुणाशी म्हणा, तिची ओळख तुम्ही असतानाच होऊ द्या.

अहवालाबद्दल मी कडक बोलणार आहे. हजेरी फुगवू नका. खोटं आहे हे तर झालंच. त्यापलीकडे, निम्मे कर्मचारी आणि हजेरी तेवढीच, असा कागद तुम्ही पाठवलात तर उरलेले निम्मे कशाला हवेत, असं कुणी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नसेल. "गुन्हेगारी कमी झाली" हे वाक्यही सोडून द्या. मैदानावर उभं राहून तुम्हाला ते मोजता येत नाही. शिवाय खेळाची बाजू नुसती गुन्हेगारीवर मांडली की काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. १९८६ मध्ये मेरीलँड राज्यातल्या ग्लेनार्डन गावी रात्री उशिराचं बास्केटबॉल सुरू झालं, तरुण पोरं त्या वेळेला रस्त्यावर नसावीत म्हणून. कल्पना पसरली, वाखाणली गेली. पुढे १९९४ च्या गुन्हेविषयक विधेयकात अशा कार्यक्रमांना पैसे ठेवल्यावर विरोधकांनी नेमकं तेच उधळपट्टीचं उदाहरण म्हणून उचललं. त्या पोरांना खेळायला मिळतंय याची कुणाला पडलेली नव्हती, भांडण वेगळ्याच मुद्द्यावर चाललं होतं.

मग लिहायचं काय? जे दिसलं ते. किती मुली वर्षभर टिकल्या. कितीजणी पहिल्यांदाच खेळल्या. कुठल्या महिन्यात कुठलं सत्र रद्द झालं आणि का. यंदा कुठली स्पर्धा हुकली, कारण सोबत जायला दुसरं माणूस नव्हतं. आणि एक रकाना स्वतःसाठी वाढवा: प्रत्यक्ष दिलेले तास आणि पगार मिळालेले तास. सुया, शिवण, बूट यांचा खर्चही तिथेच. हा रकाना आजवर कुणी मागितला नाही, म्हणून तर तो भरायचा. पुढच्या महिन्यापासून पदरमोड बंद करा. सुई तुटली तर मागणीपत्र द्या, आणि ती येईपर्यंत त्या बॉलशिवाय खेळा. मुलं मजेत खेळतील, तुम्हालाच चुकल्याचुकल्यासारखं होईल.

सहकाऱ्याशी बोला, या आठवड्यातच. एका जागेच्या कुजबुजीने दोन माणसं एकमेकांकडे संशयाने बघायला लागली की दोघंही रात्री उशिरापर्यंत फुकट राबायला लागतात, कारण दुसरा राबतोय अशी दोघांनाही भीती असते. यात फायदा कुणाचा, ते सांगायला नको. दोघांनी मिळून सरांकडे जा आणि एकच म्हणा: जितके तास तितकं काम, दोघांनाही. एकीने नाही म्हटलं आणि दुसऱ्याने हो म्हटलं तर सगळं मुसळ केरात. जागा खरंच एक होणार असेल तर निवड कशावरून होणार ते लेखी मागा. निकाल तुमच्या बाजूचा लागेल असं नाही, पण निदान एकमेकांत वैर तरी येणार नाही.

नोकरी सोडावी का? आत्ता नाही, असं मला वाटतं, पण दार उघडं ठेवा. सात वर्षांच्या कामाचं अनुभवपत्र आत्ताच मागून घ्या, सर अजून त्या खुर्चीत आहेत तोवर. प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र मुदतीत आहे का बघा. निम्म्या दिवसाचं दुसरं काम मिळालं तर निःसंकोच घ्या. निम्मा पगार देणाऱ्याला तुमच्या पूर्ण दिवसावर हक्क नाही. आणि घरच्यांनी "सोड" म्हटलं तर लगेच वाद घालू नका. तुम्ही घरी कशा परतता, मैदानावरून फोन आला की तुमचा चेहरा कसा होतो, ते त्यांना दिसतं. तुम्हाला दिसत नाही.

सरांच्या बैठकीत फार बोलायची गरज नाही. "सर, मला हे काम करायचंय. निम्म्या वेळेचा करार मला मान्य आहे, त्यात ही तीन सत्रं बसतात. बाकीची कधीपासून बंद ते आपण दोघं मिळून पालकांना सांगू." एवढं बोलून थांबा. ते मुलांची आठवण काढतील, तेव्हा हेच वाक्य पुन्हा म्हणा, आवाज न चढवता. त्यांनी विचार करायला वेळ मागितला तर द्या. नव्या करारावर मात्र सत्रांचे वार आणि वेळा छापलेल्या असल्याशिवाय सही करू नका. "संस्थेच्या गरजेनुसार इतर कामे" अशी ओळ असेल तर तिच्यापुढे कमाल तास लिहून घ्या, आणि त्याची एक प्रत त्याच दिवशी घरी आणा.